एफएमजीईचा, म्हणजे परदेशात डॉक्टरकी शिकून आलेल्यांना भारतात प्रॅक्टिससाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेचा, कटऑफ दरवेळी बदलत नाही हो!
सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेच्या ग्रुपवर कालपासून फिरतंय की एफएमजीईत ठराविक टक्के पोरंच पास करतात, पेपर अवघड तर कटऑफ खाली, सोपा तर वर. साफ चूक. ३०० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क, १५० आले की पास, मग शेजारच्याला २५० पडोत नाहीतर ९०. १४९ वाला मात्र नापासच, वाईट वाटतं पण तसंच आहे. आणि निगेटिव्ह मार्किंग नाहीये, ते नीट पीजीला (एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएस प्रवेशाच्या परीक्षेला) असतं, तिथलं इथे चिकटवून काल एकजण म्हणाला मी ४० प्रश्न कोरे सोडणारे, अरे बाबा कशाला, काहीतरी उत्तर निवड! रँकही नसते, ही पात्रता परीक्षा आहे.