कमरेचं काढून जबड्याला

"काका, आ करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझा शेवटचा दात जाऊन बारा वर्षं झाली. आत बघण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी केला.

कवळी आहे. वरची बरी वागते. खालची जन्माची अवलक्षणी. भाच्याच्या लग्नात 'सावधान' म्हणायला तोंड उघडलं, तर अक्षतांच्या आधी तीच वधूवरांकडे निघाली. झेलली म्हणून अब्रू वाचली.

स्कॅनमध्ये जबडा बघितला. मे महिन्यातलं खडकवासला! उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली, तळ दिसणं म्हणजे काय ते मला कळतं.

बाईंनी समजावलं. चावताना दाताचं मूळ हाडाला सतत ढोसत असतं, म्हणून हाड टिकतं. मूळ गेलं की शरीर म्हणतं, इथे आता काम काय? आणि हाड हळूहळू काढून घेतं. मला निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायला मुदत तरी दिली होती. वर कवळीचा दाब हिरडीवर पडून झीज वाढते ती वेगळीच. त्यातही खालचं हाड वरच्याच्या साधारण चौपट वेगाने जातं. म्हणजे माझी खालची कवळी अवलक्षणी नव्हती. बिचारीला बसायला ओटाच नव्हता.

उपाय टायटॅनियमचा. दाताच्या मुळाच्या जागी हाडात स्क्रू बसवायचे आणि त्यांवर दात पक्के करायचे. १९५२ साली ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकांनी सशाच्या पायात काही पाहण्यासाठी टायटॅनियमचं उपकरण बसवलं. काम झाल्यावर काढायला गेले, तर ते हाडाला धरून बसलेलं. पेठेतल्या वाड्यातला जुना भाडेकरूच! १९६५ साली त्यांनी असे स्क्रू पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात बसवले.

पण भाडेकरूला आधी वाडा हवा. "खाली पुढच्या भागात हाड आहे," बाई म्हणाल्या. "चार स्क्रू बसतील. मागचे दोन तिरके घालू." लक्ष्मी रस्त्यावर स्कूटर लावतात तसे, हे मला लगेच समजलं. वर मात्र पंचाईत. सायनसच्या पोकळीखाली हाडाचा पापुद्रा राहिलाय. एक तर लांबलचक स्क्रू थेट गालफडाच्या हाडात न्यायचे, नाहीतर कमरेच्या हाडाचा तुकडा काढून वर लावायचा आणि तो धरेपर्यंत काही महिने थांबायचं.

कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळणारे पुण्यात पुष्कळ पाहिले. कमरेचं काढून जबड्याला लावायची पाळी आपल्यावर येईल असं वाटलं नव्हतं. ही शेजारून म्हणाली, "अहो, पण यांची कंबर कायम धरलेली असते." एवढ्यात बाईंनी खर्चाचा आकडा सांगितला. त्यानंतर त्यांना 'आ करा' वेगळं म्हणावं लागलं नाही.

'विचार करून सांगतो' म्हणून बाहेर पडलो. ही मंडईकडे गेली, मी रिक्षाला हात केला. रिक्षावाला चक्क थांबला, कुठे म्हणून विचारलं, नाही म्हणाला नाही. वर, "आजोबा, सावकाश बसा." आजोबा? सकाळी येताना तर काका होतो. आरशात डोकावलो आणि उलगडलं. गाल आत, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली.

घरी पोचतो तोच फोन. "काका, तुमची कवळी इथेच राहिली."

म्हटलं, राहू दे तिथेच, ऑपरेशनची तारीख द्या. पण बोळक्यातून 'द्या'चा 'या' झाला असावा.

"हो, या ना काका," बाई म्हणाल्या. "आठपर्यंत आहोत आम्ही."