मराठी सिनेमा सकाळी पावणेनऊला कोण बघतं हो?

घरच्यांना घेऊन मराठी सिनेमाला जायचं म्हणजे आता रजाच टाकावी लागणार. शनिवारी अॅप उघडावं तर शो दोनच, सकाळी ८:४५ आणि रात्री १०:५०. सकाळी पावणेनऊला आमच्याकडे नळाचं पाणी जायच्या आत धुणं उरकायची घाई, आईची पूजा चालू आणि पोरं अंथरुणात लोळत. रात्रीचा गाठावा तर मध्यंतरापर्यंत आई खुर्चीतच पेंगते आणि दीड वाजता रिक्षावाला तोंडाला येईल ती रक्कम सांगतो. संध्याकाळी साडेसहाला मात्र एकाच हिंदी सिनेमाला तीन-तीन पडदे!

२०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना सांगितलं, संध्याकाळी ६ ते ९ मराठी दाखवा. आरडाओरडा झाला, मग तीच वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल केली. त्या नियमाचं पुढे लोणचं घातलं की काय, देव जाणे.

वर आम्हालाच ऐकवायचं, ‘मराठी प्रेक्षक थिएटरात येत नाही.’ येतो की! २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायका नटूनथटून, अख्खी भिशी गोळा करून आल्याच ना?

बरं, चडफडत सकाळचं बुकिंग करावं, तर निघताना मेसेज येतो, ‘शो रद्द’. पैसे येतात हो परत. पण सहाला उठून साडी नेसून दारात उभ्या राहिलेल्या आईला काय सांगू? आणि पुढच्या शुक्रवारी बघावं, तर सिनेमाच उतरलेला!