क्योतोचे पत्ते, मुंबईचा कायदा

दिवाळीत फोनवर आतेभावाशी वाजलं. स्कूटरसाठी साठवलेले पैसे त्याने ऑनलाइन रमीत घालवले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले म्हणून सरकारवर चिडलेलाही तोच. "रमी कौशल्याचा खेळ आहे, १९६८ सालीच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय!" मागून आत्या ओरडली, "सगळेच गेम बंद करा म्हणावं. मुलं वाया जातायत."

मी ओसाकात राहतो. शेजारच्या क्योतोत १८८९ साली फुसाजिरो यामाउचींनी हानाफुदा हे पत्ते बनवायला घेतले. तोच कारखाना म्हणजे आजची व्हिडिओ गेमवाली निन्टेंडो.

माझ्याकडे हानाफुदाचा एक जोड आहे. ४८ पानं, बारा महिने, दर महिन्याची चार. पान काडेपेटीएवढं, पण जाड. आपटलं की टपकन वाजतं. कुठेही आकडा नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पत्ते जपानात आणले, लोक पैसे लावू लागले, बंदी आली. नवी पानं निघाली, त्यांवरही बंदी. असं होता होता आकडे गेले आणि पाइन, चेरी, चंद्र आले. जुगार काही गेला नाही. निन्टेंडोचं सुरुवातीचं गिऱ्हाईकही बरंचसं जुगारी अड्ड्यांचंच होतं.

आपला, मुंबई इलाख्याचा, जुगार प्रतिबंधक कायदा १८८७चा. महाराष्ट्रात मूळ तोच चालू आहे, आणि निव्वळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळलेले. भावाचा वकिली मुद्दा तिथलाच. नव्या कायद्याने कौशल्य की नशीब हा घोळच बाजूला ठेवला आणि पैसे लावलेत का, एवढंच विचारलं. मला ते पटतं. भावाला नाही.

आत्याचं मात्र पटत नाही. पैसे न लावता खेळायचे गेम नवा कायदाही बंद करत नाही. पत्ते छापणाऱ्या त्याच कंपनीने १९८३ मध्ये फॅमिकॉम हा टीव्हीला जोडून खेळायचा गेम काढला. त्यावर पोरांनी मारिओ पळवला, पैसे नाही लावले.

हे सांगितल्यावर आत्याने विचारलं, "मग तुमच्याकडे जुगार नाहीच का?"

माझ्या खिडकीखाली पचिंकोचं, म्हणजे पोलादी गोळ्या उडवायच्या यंत्रांचं, दुकान आहे. जिंकलेल्या गोळ्यांचं तिथे बक्षीस मिळतं, आणि ते बक्षीस बाजूच्या खिडकीत दिलं की रोख. दोन्ही दुकानांचा एकमेकांशी संबंध नाही म्हणे. मी खिडकी लावून घेतली, गोळ्यांचा खळखळाट फोनवर जात होता.