पीएच.डी. करू नका असं मी म्हणतच नाहीये : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार सर,

तुम्हाला चार ओळींत उत्तर देता आलं असतं, पण तुम्ही जे लिहिलंय ते इकडच्या बऱ्याच घरांत बोललं जातं म्हणून नीट बसून लिहायलेय. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. समुपदेशन मानसशास्त्रात पीएच.डी. करायची तर पुढं काय काय वाढून ठेवलेलं असतं यावर मी मागं लिहिलं होतं, त्यावर सरांचं म्हणणं असं की मी अमेरिकेचं माप लावून मराठवाड्यातल्या विद्यापीठांना कमी लेखते, ज्या घरात पहिल्यांदाच कुणी एवढं शिकतंय तिथल्या लेकरांना घाबरवते (सरांच्या पुतणीनं ते वाचून फॉर्म भरायचंच थांबवलं), आणि मुळात समुपदेशनाला डिग्री नाही तर काळीज लागतं, सर स्वतः तीस वर्षं झेडपीच्या शाळेत पोरांना समजावत आले, त्यांना कुणी पीएच.डी. विचारली नाही.

आधी अमेरिकेचं बोलू. हा विषय तिकडं कशातून उभा राहिला ते बघितलं की तो परका वाटत नाही. १९०८ साली बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी एक केंद्र काढलं, तिथं येणारी पोरं बरीचशी गरीब, बाहेरून पोट भरायला आलेल्या घरांतली, आणि प्रश्न एकच की मी कोणतं काम धरू, मला काय जमेल. पार्सन्स त्याच वर्षी वारले, त्यांचं पुस्तक १९०९ मध्ये आलं. पुढं दुसरं महायुद्ध संपलं, लाखो सैनिक घरी आले, त्यांचं अर्धवट राहिलेलं शिक्षण, नोकरी, संसार, मनावरचे घाव असं सगळं एकदम समोर आलं, त्यासाठी शिकलेली माणसं लागली आणि १९५१ च्या सुमाराला या शाखेचं नाव अन् तिच्या डॉक्टरेटचा आराखडा ठरला. आता अहमदपूर, मुखेड, गंगाखेडहून लातूरला येऊन खोली करून राहिलेलं, नीटच्या क्लासला जाणारं सतरा वर्षांचं लेकरू काय वेगळं विचारतं सर? तेच विचारतं. म्हणून मला हा विषय आपल्या मातीत सगळ्यात जास्त गरजेचा वाटतो, आणि म्हणूनच तो अर्धा शिकून कुणी त्या लेकरासमोर बसू नये असंही वाटतं.

तिकडची डॉक्टरेट साधारण पाच ते सात वर्षांची असते. त्यात संख्याशास्त्र, चाचण्या, नीतिनियम, वेगवेगळ्या समाजांतल्या माणसांसोबत काम कसं करायचं हे सगळं वर्गात शिकायचं, मोठी परीक्षा द्यायची, प्रबंध लिहायचा, इथपर्यंत आपल्याला ओळखीचं वाटेल. पण याच्या जोडीला सुरुवातीच्या वर्षांपासूनच खरी माणसं समोर बसतात, त्याला प्रॅक्टिकम म्हणतात, आणि शेवटी एक अख्खं वर्ष पूर्णवेळ इंटर्नशिप असते, ती झाल्याशिवाय पदवी हातात पडत नाही आणि त्यानंतरही परवान्याची परीक्षा वेगळीच. या सगळ्यात खरं शिकणं घडतं ते बंद खोलीत. समोरच्याची परवानगी घेऊन सेशन रेकॉर्ड करतात, मग सुपरवायझर, म्हणजे शिकणाऱ्याच्या कामावर लक्ष ठेवणारे जाणते समुपदेशक, ते ऐकतात, मधेच थांबवतात अन् विचारतात, ती रडायला लागली तेव्हा तू विषय का बदललास? तुला काय झालं त्या क्षणी? आठवड्यामागून आठवडा हेच चालतं.

सर, तुम्ही डी.एड. नाहीतर बी.एड. केलं असेल, पाठ घेताना मागच्या बाकावर निरीक्षक शिक्षक वही घेऊन बसलेले असायचे ना, फळ्याकडं तोंड करून किती वेळ बोललात, कोणत्या पोराकडं बघितलंच नाही, सगळं टिपून ठेवायचे. सुपरव्हिजन म्हणजे तेच, फक्त अनेक वर्षं आणि जास्त खोलवर.

आता आपल्याकडचं. यात विद्यापीठांना मी नावं ठेवत नाहीये, नियमच तसे आहेत ते सांगतेय. आपली पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा (पुढं मुदतवाढ मिळू शकते, महिलांना आणखी सवलत आहे), १२ ते १६ क्रेडिटचं कोर्सवर्क, दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढं प्रगती दाखवायची, प्रबंध, बाहेरचे परीक्षक, व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा. यात कुठंही असं लिहिलेलं नाही की उमेदवारानं एका तरी माणसासोबत समुपदेशनाचं काम करावं आणि कुणीतरी ते तपासावं. म्हणजे एखादी मुलगी पेट (विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा) किंवा नेट (देशपातळीवरची पात्रता परीक्षा) काढून, चांगला प्रबंध लिहून, मान्यतेनं डॉक्टर होऊ शकते आणि त्या संपूर्ण काळात दुःखात असलेल्या एकाही माणसासमोर तास दीड तास बसलेली नसते. ही तिची चूक नाही, पण पदवीतून काय मिळणार नाही हे तिला आधी कळायला पाहिजे की नको?

बरं, विषयही कसे निवडले जातात ते तुम्हाला माहीत असेलच, 'ग्रामीण व शहरी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अमुक अमुकचा तुलनात्मक अभ्यास'. दोन-तीन कॉलेजांत प्रश्नावल्या वाटायच्या, गोळा करायच्या, टी टेस्ट नावाची आकडेमोड लावायची, दोन गटांतला फरक सार्थ आहे (नुसता योगायोग नाही) किंवा नाही असं लिहायचं. अशा कामाला माझा विरोध नाही, आकडे लागतातच, पण सतत तेच केलं तर चार-पाच वर्षांत संशोधकाची एका लेकराशी पण धड ओळख होत नाही. त्यापेक्षा ऊसतोडीला आईबाप गेल्यावर आजीपाशी नाहीतर वसतिगृहात राहणारी बीड-धारूरकडची मुलं घ्या, दोनदा नीटची परीक्षा देऊन घरी परतलेली मुलं घ्या, कमी माणसं घ्या पण त्यांच्याजवळ बसा, पुन्हा पुन्हा जा. मुलाखतींवरचं संशोधन सोपं असतं असं लोकांना वाटतं, उलट ते जास्त दमवतं, एकेका तासाची मुलाखत शब्दन् शब्द उतरवून काढताना जीव मेटाकुटीला येतो. पण त्यातून माणूस ऐकायला शिकतो आणि पुढं समुपदेशक व्हायचं असेल तर ते कामी येतं.

तुमच्या पुतणीला सांगा, फॉर्म जरूर भर. फक्त गाईडला पहिल्या भेटीत काही गोष्टी स्पष्ट विचार. ते स्वतः क्लायंट बघतात का? नसतील बघत तर विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात बसायची परवानगी मिळवून देतील का? सहमार्गदर्शक म्हणून प्रत्यक्ष काम करणारी व्यक्ती चालेल का? त्यांच्याकडं आत्ता किती जण आहेत, कारण प्रोफेसरला आठ, असोसिएटला सहा आणि असिस्टंटला चार अशी मर्यादा आहे आणि जागा रिकामी व्हायची वाट बघण्यात वर्ष जातं. आणि सुपरव्हिजन तिला बाहेरून, पैसे देऊन घ्यावी लागेल हे घरच्यांनी आधीच धरून चालावं, आता ऑनलाइन होते म्हणून पुण्या-मुंबईला खोली करायची गरज नाही. रेकॉर्डिंगला समोरचा हो म्हणत नसेल तर सेशन संपल्या संपल्या आठवेल तेवढं संवादरूपात लिहून काढायचं, त्याला व्हर्बॅटिम म्हणतात, सुपरवायझर त्यावर काम करून घेतात.

पैशांचं म्हणाल तर जेआरएफ (नेटमध्ये वरचे गुण पडले की मिळणारी संशोधनाची फेलोशिप) मिळाली की पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, नंतर ४२,०००. जेआरएफ नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, ज्या त्या प्रवर्गाप्रमाणे. तरी सुरुवातीचे महिने घरून आधार लागतोच.

अजून एक, आणि हे मी जरा जोर देऊन सांगते. पीएच.डी. झाली म्हणजे 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' असं लिहिता येत नाही, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेला कोर्स आणि तिथली नोंदणी लागते. २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात बाकीचे मानसशास्त्रज्ञ अन् समुपदेशकही आणलेत, तेव्हा उद्या त्यांनाही नोंदणी लागणार हे धरूनच तयारी करावी. आणि दवाखान्यांच्या रांगेत गाळा घेऊन बोर्डवर नुसतं 'डॉ.' लिहिणं मला पटत नाही, खेड्यातून आलेला माणूस गोळी मिळेल म्हणून आत येतो. बोर्डवर काय शिकलो ते स्वच्छ लिहावं.

आता काळजाचं. सर, तुमच्या तीस वर्षांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि तुमच्या म्हणण्याला आधारही आहे, तो मीच देते. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या 'संगत' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसोबत एक मोठा अभ्यास केला, त्यात समुपदेशन करणारे मानसशास्त्राची डिग्री नसलेले, गावातले साधे लोक होते, सहा ते आठ बैठका, आणि त्याचा फायदा झाला, तो निबंध 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलाय. आपल्या शेजारी अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यांतही 'विश्राम' नावानं असं काम झालं. म्हणजे डिग्रीशिवाय होतं, हे खरं. पण त्या गोव्यातल्या लोकांना सोडून दिलेलं नव्हतं, आधी प्रशिक्षण होतं, मग प्रत्यक्ष बैठकांची रेकॉर्डिंग गटात बसून ऐकायची, एकमेकांना गुण द्यायचे, कुठं चुकलं ते बोलायचं. मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे हो! डिग्री असो नसो, तुमचं काम दुसऱ्या जाणत्या माणसानं नियमित बघितलं पाहिजे. अमेरिकेतल्या डॉक्टरेटमध्ये ते आहे, गोव्यातल्या त्या साध्या माणसांनाही ते मिळालं, आणि आपल्याकडं पीएच.डी. झालेल्यालाच ते मिळत नाही. मला राग येतो तो याचा.

नुसत्या काळजानं कुठं अडतं ते सांगते. पोरगं म्हणालं, 'मॅडम, जगावंसं वाटत नाही', की काळीज असलेला माणूस आधी म्हणतो, असं नाही बोलायचं बाळा, आईबापाकडं बघ, तुझ्यासाठी त्यांनी जमीन विकलीय. प्रेमानंच म्हणतो. आणि पोरगं गप्प होतं, कारण आईबापानं जमीन विकली हेच तर त्याच्या छातीवरचं ओझं असतं. तिथं थेट विचारावं लागतं, मरायचे विचार येतात का, काही ठरवलंय का, जवळ काही आणून ठेवलंय का. असं विचारल्यानं डोक्यात विचार भरतो ही भीती खरी नाही, विचारल्यानं धोका वाढत नाही हे अभ्यासांत दिसलंय. पण तोंडातून तो प्रश्न शांतपणे निघायला सराव लागतो, मग घरच्यांना कळवायचं, घरातलं औषध-फवारणीचं सामान कुलपात टाकायला लावायचं, मनोविकारतज्ज्ञाकडं पाठवायचं, १४४१६ हा टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) नंबर हातात द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी फोन करायचा. पालकांना हेही सांगावं लागतं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येच्या प्रयत्नामागं तीव्र ताण होता असंच धरलं जातं, गुन्हा मानून शिक्षा होत नाही, तेव्हा केसच्या भीतीनं पोराला दवाखान्यातून लपवून नेऊ नका.

आणि आपल्या तालुक्याच्या गावात दुसरी एक अडचण असते जिच्यावर पुस्तकं फार बोलत नाहीत. इथं सगळे सगळ्यांना ओळखतात. समोर बसलेल्या मुलीची मावशी तुमच्या गल्लीत राहते, बाप फी भरतो आणि दारातच विचारतो, काय म्हणाली पोरगी? पुस्तक सांगतं ओळखीतल्यांसोबत काम करू नका, दुसऱ्याकडं पाठवा. दुसरा आहे कुठं? जिंतूरला, किनवटला, परांड्याला दुसरा कुणी नाही. मग पहिल्याच भेटीत बापासमोरच सांगून टाकायचं की इथलं बोलणं इथंच राहील, फक्त जिवाला धोका दिसला तर मी तुम्हाला सांगणार, आणि लग्नाकार्यात भेट झाली तर मी ओळख दाखवणार नाही, राग मानू नका. बाप रागावतो, कधीकधी तर पोरीला पुन्हा पाठवतच नाही. अशा वेळी काय करायचं हे एकट्यानं ठरवणं फार जड जातं आणि तिथंच सुपरवायझर लागतो. यावर मराठवाड्यातूनच प्रबंध यायला पाहिजेत, तुमच्या पुतणीनं हा विषय घेतला तर मला फार आनंद होईल.

शेवटचं, तुमच्यासाठी. तुम्ही लिहिलंय की अजूनही जुने विद्यार्थी अन् त्यांची लेकरं तुमच्याकडं येतात. तुमच्यासारखे आणखी चार-पाच निवृत्त शिक्षक, एखाद्या आशाताई असा गट अंबाजोगाईकडं जमत असेल तर मी महिन्यातून दोनदा शनिवारी यायला तयार आहे. मानधन नको. येताना प्रत्येकानं एक संभाषण नाव-गाव बदलून लिहून आणायचं, आपण सगळे मिळून ते वाचू आणि कुठं थांबायला पाहिजे होतं, कुठं विचारायला पाहिजे होतं ते बघू. शाळेची एखादी खोली मिळते का तेवढं बघा आणि कोणता शनिवार जमेल ते कळवा.