मैदान कोरं कधीच नव्हतं

एखादा खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसला, कुणी दंडावर काळी फीत बांधली, प्रेक्षकांनी एखादा फलक फडकवला, की एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय ठरलेला: ‘खेळात राजकारण आणू नका. पूर्वी खेळ फक्त खेळ होता. नियम सगळ्यांना सारखे आहेत, ते पाळा. असल्या देखाव्यांनी काही बदलत नाही, उलट स्टेडियममध्ये भांडणं पेटतात. खेळाडूला पैसे खेळायचे मिळतात. मतं मांडायची तर मैदानाबाहेर मांडा.’ हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या जवळची माणसंही आहेत आणि त्यांचं खेळावरचं प्रेम खरं आहे. म्हणूनच त्यातल्या एकेका दाव्याला नीट उत्तर द्यावंसं वाटलं.

‘पूर्वी खेळ फक्त खेळ होता.’ पूर्वी म्हणजे नेमकं कधी? इ. स. 532 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, रथांच्या शर्यती होत, आणि प्रेक्षक निळ्या व हिरव्या गटांत वाटलेले असत. सम्राटाच्या समोर ओरडून गाऱ्हाणं घालता येईल अशी प्रजेला मिळणारी मोठी जागा म्हणजे ते मैदान. त्या वर्षीच्या जानेवारीत दोन्ही गट एक झाले आणि ‘निका’, म्हणजे ‘जिंक’, ही शर्यतीतली आरोळी सम्राट जस्टिनियनच्या विरोधात उठली. तो उठाव चिरडताना त्याच मैदानात सुमारे 30,000 माणसं मारली गेल्याचं त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. 1925 मध्ये बार्सिलोना क्लबच्या प्रेक्षकांनी स्पेनच्या राष्ट्रगीताला शिट्ट्या मारल्या, तेव्हा प्रिमो दे रिव्हेराच्या हुकूमशाहीने क्लबच्या मैदानालाच कुलूप ठोकलं.

आणि 1936 चं बर्लिन. ऑलिंपियाहून ज्योत धावत आणायची प्रथा आज खेळाच्या पावित्र्याची खूण मानली जाते. ती सुरू झाली त्या ऑलिंपिकपासून, नाझी राजवटीत. त्याच स्पर्धेत हॉकीच्या अंतिम सामन्याआधी ध्यानचंद यांच्या संघाने ड्रेसिंग रूममध्ये काँग्रेसच्या तिरंग्याला सलामी दिली आणि मग जर्मनीला 8-1 असं हरवलं. संघ ब्रिटिश अमलाखालच्या हिंदुस्थानचा होता, तिरंगा त्याचा अधिकृत झेंडा नव्हता. त्या खोलीत जे घडलं त्याला राजकारण म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? तो प्रसंग ऐकताना आपला ऊर भरून येतो. मग दुसऱ्या कुणी आपल्या माणसांसाठी तसंच काही केलं की आपल्याला खेळ बाटल्यासारखं का वाटावं?

‘नियम सगळ्यांना सारखे आहेत.’ या दाव्यावर मला जरा थांबायचं आहे, कारण मजकुरातला सगळ्यात पटणारा मुद्दा हाच आहे. ऑलिंपिक सनदेचा नियम 50 म्हणतो की ऑलिंपिकच्या ठिकाणी राजकीय, धार्मिक किंवा वांशिक प्रचार चालणार नाही. आता नियमाची अंमलबजावणी पाहू. 1968 मध्ये मेक्सिको सिटीत 200 मीटरच्या पदक समारंभात अमेरिकेचे काळे धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी वर्णद्वेषाच्या निषेधार्थ काळे हातमोजे घातलेल्या मुठी वर केल्या, तर त्यांना स्पर्धेतून घरी पाठवलं गेलं. तेव्हा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष होते एव्हरी ब्रंडेज. बर्लिनवर बहिष्कार टाकावा म्हणून अमेरिकेत चळवळ उभी राहिली होती, तेव्हा अमेरिकी समितीच्या प्रमुखपदावरून ती हाणून पाडणारे हेच गृहस्थ.

क्रिकेटमध्येही तेच. मार्च 2019 मध्ये रांचीच्या सामन्यात भारतीय संघ पुलवामात मारल्या गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ लष्करी टोप्या घालून उतरला. आयसीसीची त्याला परवानगी होती. 2020 मध्ये इंग्लंड आणि वेस्ट इंडीजच्या खेळाडूंच्या शर्टांवर ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’चं चिन्ह होतं. त्यालाही परवानगी मिळाली. पण 2014 मध्ये इंग्लंडच्या मोईन अलीने गाझाबद्दलचे मनगटपट्टे घातले, तर ते काढायला लावले. डिसेंबर 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाच्या बुटांवर ‘सगळ्यांचे प्राण सारखेच मोलाचे’ या अर्थाचं वाक्य होतं. तेही नाकारलं, आणि मग त्याने काळी फीत बांधली म्हणून समज दिली गेली. टोप्या आणि शर्टावरचं चिन्ह मला चूक वाटत नाही. माझं म्हणणं इतकंच की या चारही गोष्टी एकाच जातीच्या आहेत. यातल्या दोन राजकारण आणि दोन श्रद्धांजली किंवा एकजूट, हे कुणीतरी कार्यालयात बसून ठरवलं.

ज्याला परवानगी असते ते राजकारण आपल्याला दिसतच नाही. सामन्याआधीचं राष्ट्रगीत, डोक्यावरून जाणारी लढाऊ विमानं, नेत्यांच्या नावांची स्टेडियमं, मानाच्या जागी बसलेले मंत्री हे सगळं नेहमीचं म्हणून खपून जातं. 2015 मध्ये अमेरिकी सिनेटर जॉन मॅकेन आणि जेफ फ्लेक यांनी एक अहवाल काढला. सामन्यांच्या वेळी होणारे सैनिकांचे सत्कार, झेंड्यांचे सोहळे असल्या कार्यक्रमांसाठी संरक्षण खात्याने व्यावसायिक संघांना लाखो डॉलर मोजल्याचं त्यातून उघड झालं. प्रेक्षक उभे राहून मनापासून टाळ्या वाजवत होते, आणि त्यातल्या काही सोहळ्यांचं बिल सरकारी तिजोरीतून गेलं होतं. पुढच्याच वर्षी अमेरिकी फुटबॉलमधला खेळाडू कॉलिन केपरनिक राष्ट्रगीताच्या वेळी काळ्या लोकांवरच्या पोलिसी अत्याचाराविरुद्ध गुडघ्यावर बसला. त्याला कुणी पैसे दिले नव्हते. त्या मोसमानंतर त्याला एकाही संघाने घेतलं नाही.

‘पैसे खेळायचे मिळतात’ याचं उत्तर छोटं आहे. पगार घेतला म्हणून कुठलाही माणूस नागरिक असायचा थांबत नाही. आणि प्रेक्षकाला तर कुणीच पैसे देत नाही, तोच तिकीट काढून आत येतो.

‘भांडणं पेटतात.’ यात तथ्य आहे, आणि ते नाकारणाऱ्यांशी माझंही जमत नाही. मे 2023 मध्ये स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानात काळा फुटबॉलपटू व्हिनिसियस ज्युनियरला माकड म्हणून चिडवणारे लोक कुठलंही मत मांडत नव्हते. ते समोरच्या माणसाला माणसातून उठवत होते. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या तिघांना न्यायालयाने आठ महिन्यांची शिक्षा सुनावली, ते योग्यच झालं. पण यावरून रेघ कुठे ओढायची ते कळतं. धोरणावर, सरकारवर, क्लबच्या मालकावर टीका रेघेच्या अलीकडे. कुणाच्या वर्णावर, जातीवर, धर्मावर थुंकणं पलीकडे. दोन्हींना ‘राजकारण’ म्हणून एकाच पोत्यात भरलं की शिवीगाळ करणारा सुटतो आणि फलक धरणारा अडकतो. सक्तीही त्या रेघेपलीकडेच येते. 2021 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाने सामन्याच्या दिवशी सगळ्या खेळाडूंना वर्णद्वेषाच्या निषेधार्थ गुडघ्यावर बसण्याचा हुकूम सोडला, तेव्हा क्विंटन डी कॉक आधी सामन्यातूनच बाहेर पडला. हेतू माझ्या मनासारखा असला तरी तो हुकूम मला मान्य नाही. बोलायचं स्वातंत्र्य मागताना गप्प राहायचंही मागावं लागतं.

‘काही बदलत नाही.’ वर्णद्वेषी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेकडे पाहा. 1968 मध्ये इंग्लंडने केपटाऊनमध्ये जन्मलेल्या बेसिल डॉलिव्हेराची दौऱ्यासाठी निवड केली. तो गोरा नाही म्हणून तिथल्या सरकारने संघ नाकारला, आणि दौरा रद्द झाला. 1970 नंतर त्या देशाचं आंतरराष्ट्रीय क्रिकेट बंद पडलं, ते सुरू झालं नोव्हेंबर 1991 मध्ये, ईडन गार्डन्सवर. मधल्या काळात भारतानेही किंमत मोजली. 1974 मध्ये टेनिसच्या डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत समोर दक्षिण आफ्रिका होती. भारताने खेळायला नकार दिला आणि कप न खेळताच त्यांना गेला. आपण तो कप आजवर एकदाही जिंकलेलो नाही. 1981 मध्ये न्यूझीलंडच्या हॅमिल्टनला निदर्शक थेट मैदानात घुसले आणि दौऱ्यावर आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या संघाचा रग्बीचा सामना रद्द करावा लागला. वर्णद्वेषी राजवट फक्त यामुळे कोसळली असं मी म्हणणार नाही. तुरुंगात गेलेल्यांनी, संप करणाऱ्यांनी, मेलेल्यांनी ती पाडली. पण रग्बी आणि क्रिकेटवर जीव टाकणाऱ्या गोऱ्या मतदाराच्या घरात जगाचा नकार दर मोसमात पोहोचत राहिला, तो या वाटेने.

राहिलं ‘मैदानाबाहेर मांडा’. 10 फेब्रुवारी 2003 ला हरारेत क्रिकेट विश्वचषकाच्या सामन्यात झिम्बाब्वेचे अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा काळ्या फिती बांधून उतरले. झिम्बाब्वेत लोकशाहीचा मृत्यू झाला आहे, त्याचं हे सुतक, असं त्यांनी लेखी सांगितलं. रॉबर्ट मुगाबेंच्या राज्यात हे बाहेर कुठे जाऊन बोलणार होते? त्या विश्वचषकानंतर दोघेही देशासाठी पुन्हा खेळले नाहीत, ओलोंगाला तर देश सोडावा लागला.

आणि जिला मैदानाच्या आतच येऊ देत नाहीत तिने काय करायचं? इराणमध्ये बायकांना पुरुषांचे फुटबॉल सामने पाहायला कित्येक दशकं बंदी होती. परदेशातल्या सामन्यांत इराणी बायका ‘आम्हाला आत येऊ द्या’ असे फलक धरून उभ्या राहायच्या. 2019 मध्ये पुरुषी वेशात सामना पाहायला गेलेली एक तरुणी पकडली गेली. तुरुंगात जावं लागेल या धास्तीने तिने न्यायालयाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं आणि ती गेली. सप्टेंबरमध्ये ही बातमी जगभर झाली, फिफावर, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेवर, दबाव आला, फिफाने तो इराणवर टाकला. 10 ऑक्टोबरला तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये इराण विरुद्ध कंबोडिया सामन्याला काही हजार बायका स्वतःचं तिकीट काढून आल्या. त्यांना वेगळ्या भागात बसवलं होतं. इराणने त्या दिवशी 14 गोल केले.