‘संशयकल्लोळ’ आणि गप्प झालेलं प्रेक्षागृह : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण तळमळीने लिहिलेली आहे. तिची दोन ओळींत बोळवण करणं मला बरं वाटेना, म्हणून हे सविस्तर उत्तर. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात विषय सांगते. आपल्या नाशिकच्या एका हौशी मंडळाने परशुराम साईखेडकर नाट्यगृहात गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ आजच्या काळात आणून केलं, त्यावर मी लिहिलं होतं. संशयी फाल्गुनराव गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहतो, त्याची तेवढीच संशयी बायको कृत्तिका तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून खाली बघते, अश्विनशेठची प्रेयसी रेवती हिला भर उन्हात सोसायटीच्या गेटसमोर चक्कर येते. दुसऱ्या अंकात फाल्गुनराव बायकोचा मोबाईल मागतो आणि तोवर खदखदून हसणारं प्रेक्षागृह एकदम गप्प होतं. प्रयोगातला तो सर्वांत चांगला क्षण होता, असं मी म्हटलं होतं.

त्यावर तुम्ही लिहिलंत की विनोदी नाटकात प्रेक्षक गप्प बसला म्हणजे नाटक पडलं, हे शाळकरी पोरालाही कळतं. पदं कापून देवलांची मोडतोड केली, असंही लिहिलंत. आणि शेवटी विचारलंत, की ज्या गावाने विजयानंद नाट्यगृहात देवलांची ‘शारदा’ पाहिली त्या गावाची अभिरुची आता मोबाईलवर हसण्यापर्यंत आली का?

पदांबद्दल मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. ‘मृगनयना रसिक मोहिनी’चा नुसता मुखडा, तोही अश्विनशेठने रेवतीला पाठवलेल्या व्हॉइस नोटमध्ये? त्या मुलाचा आवाज तयारीचा होता, दोन मिनिटं गाऊ दिलं असतं तर कोणीही उठून गेलं नसतं. पण मला जास्त खटकलं ते साथीचं. ऑर्गन आणि तबला रेकॉर्ड केलेला होता. रेकॉर्डिंग हशासाठी थांबत नाही. संगीत नाटकात ऑर्गनवर बसलेला माणूस प्रेक्षकांकडे कान लावून असतो, हशा ओसरला की मगच सूर देतो. इथे हशा चालू असतानाच ट्रॅक सुरू झाला आणि रेवतीच्या पदाची पहिली ओळ कुणाला ऐकूच आली नाही. प्रेक्षक हसतो ही या नाटकाची कमाई, आणि तीच पदाच्या आड आली. मंडळाने याचा खरंच विचार करायला हवा.

मोडतोडीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. फ्रेंच नाटककार मोलियरने 1660 मध्ये ‘स्गानारेल’ लिहिलं. त्या कथानकावरून आर्थर मर्फीने 1761 मध्ये इंग्रजीत पाच अंकी नाटक केलं. मर्फीवरून देवलांनी 1893 मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक केलं, मग त्यात पदं घातली आणि 1916 मध्ये ते ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर आलं, ज्या वर्षी देवल गेले. या प्रत्येक टप्प्यावर माणसं बदलली, घरं बदलली, बोलणं बदललं. लंडनच्या जोडप्याला देवलांनी आपल्या महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं दिली आणि ते इतकं आपलं करून टाकलं की फाल्गुनराव परका वाटण्याची सोयच उरली नाही. म्हणजे ज्या पदांसाठी तुम्ही हळहळता, तीसुद्धा देवलांनी स्वतःच्याच गद्य नाटकात नंतर घातलेली आहेत. तेव्हा ‘बदललं’ या एका शब्दावर प्रयोगाला दोष देता येणार नाही. बदलताना नाटकाचं यंत्र चालू राहिलं की बंद पडलं, एवढंच बघायचं.

या नाटकाचं यंत्र म्हणजे अश्विनशेठची तसबीर. ती एकच हवी आणि हातात धरता येणारी हवी. रेवतीकडून पडते, कृत्तिकेला सापडते, फाल्गुनराव तिच्याकडून हिसकावून घेतो, आणि ती त्याच्या हातात बघून अश्विनशेठ पेटतो. ज्याच्या हातात तसबीर, त्याच्यावर संशय. आज फोटो म्हटलं की शंभर जणांच्या फोनमध्ये असतो, मग त्याच्यावरून कोण कुणावर संशय घेणार? प्रयोग बघायला जाताना मला हीच धास्ती होती. या मुलांनी काय केलं, तर रेवतीच्या फोनच्या पारदर्शक कव्हरमागे अश्विनशेठचा पासपोर्ट साइज फोटो ठेवला. कॉलेजातली पोरं खरोखर ठेवतात तसा. चक्कर येऊन ती कोसळते, फोन आपटतो, कव्हर निघतं, फोटो घरंगळत फुटलाइटपर्यंत येतो. फाल्गुनराव घाईघाईत फोन आणि कव्हर उचलून तिच्या पर्समध्ये कोंबतो, फोटो तिथेच राहतो. तो पडलेला फोटो दिसला तसा पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत हशा पिकला, एक शब्दही न बोलता. नाटक ज्यांना पाठ होतं ते हसले, आणि ज्यांनी देवलांचं नावही ऐकलं नव्हतं तेही हसले. काका, याला मी मोडतोड म्हणणार नाही. तसबीर कशासाठी आहे हे ज्याला नीट कळलंय, त्यालाच हे सुचतं.

आता त्या शांततेबद्दल.

फाल्गुनराव ओरडत नाही. सोफ्यावरून उठतो, हात पुढे करतो आणि म्हणतो, “फोन.” कृत्तिका फोन देते. फोन लॉक असतो. फाल्गुनराव तो परत तिच्यापुढे धरतो आणि वाट बघतो. ती अंगठा टेकवते. बस, एवढंच. माझ्या मागच्या रांगेत कॉलेजच्या मुली होत्या, पहिला अंकभर त्यांचं हसणं थांबत नव्हतं. त्याने हात पुढे केला तेव्हाही त्या हसल्याच. दुसऱ्यांदा फोन पुढे धरल्यावर एक थांबली, मग सगळ्या थांबल्या. समोरच्या रांगेत एक गृहस्थ अजून हसत होते आणि शेजारच्या बाई वळून त्यांच्याकडे बघत होत्या. मग नोकर भादव्या भाजीची पिशवी घेऊन आत येतो आणि काहीच न कळल्यामुळे “मिरच्या कुठं ठेवू?” असं विचारतो. त्यावर जो हशा आला तसा आख्ख्या प्रयोगात दुसरा आला नाही. पडलेल्या नाटकाला असा हशा येत नाही. प्रेक्षक कंटाळून गप्प होतो तेव्हा खोकतो, खुर्च्या करकरतात, कोणीतरी हळूच फोन बघतं. इथे कोणीही हललं नव्हतं.

हे का झालं यावर मी बराच विचार केला. घोटाळ्याच्या नाटकात आपण हसतो कारण आपल्याला पात्रांपेक्षा जास्त माहीत असतं. फोटो कसा पडला हे आपण पाहिलेलं आहे. फाल्गुनराव बायकोवर आग पाखडतो तेव्हा तो किती चुकीचा आहे हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून त्याचा थयथयाट गमतीचा वाटतो. तो फोन मागतो तेव्हाही आपल्याला ठाऊक असतंच की फोनमध्ये काही नाही. पण त्या माहितीचा आता काही उपयोग नसतो. फोन कितीही स्वच्छ निघाला तरी मागायचा तो मागून झाला, आणि तिने अंगठा टेकवून झाला. हे तिथे बसलेल्या किती तरी बायकांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

तुम्ही म्हणाल, कृत्तिकाही तेवढीच संशयी आहे. आहेच. देवलांनी दोघांनाही सारखंच झपाटलेलं दाखवलंय. या प्रयोगातही ती पुढे नवऱ्याच्या शर्टाचे खिसे तपासते, गाडीत सांडलेलं कानातलं शोधते, आणि तेव्हा प्रेक्षागृह मोकळेपणाने हसलं. मीही हसले. एकाच दोषावर नवऱ्याच्या वेळी लोक गप्प झाले आणि बायकोच्या वेळी हसले, हा फरक नटांनी केलेला नाही. तो प्रेक्षकांनी घरून आणला होता. मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो तो त्यामुळेच.

आणि हे देवलांच्या स्वभावाबाहेरचं आहे का? ‘शारदा’चं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंदमध्ये ‘शारदा’च्याच प्रयोगाला क्रांतिकारक अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, त्यामुळे नाशिककरांच्या मनात ते नाटक त्या रात्रीशी कायमचं बांधलं गेलं. पण नाटक म्हणून ‘शारदा’ आठवा. ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ हे पद हसवण्यासाठी लिहिलेलं आहे. म्हाताऱ्या भुजंगनाथाचा नवरदेव व्हायचा सोस हसण्यासारखाच आहे. आणि ज्या पोरीच्या लग्नावरून हे सगळं चाललंय ती शारदा तिथेच आहे. प्रेक्षक हसतो आणि पुढे ‘मूर्तिमंत भीती उभी’ ऐकताना त्याला आपण कशावर हसलो ते कळतं. हे देवलांनी 1899 मध्ये केलं. हसू मध्येच तोडण्याची विद्या या मुलांनी बाहेरून आणलेली नाही, ती देवलांकडे होतीच. ‘संशयकल्लोळ’मध्ये ती त्यांनी वापरली नाही एवढंच. इथे दिग्दर्शकाने वापरली.

मला या प्रयोगातली खरी उणीव दिसते ती तुम्ही सांगितली नाहीत, आणि ती पदांहून मोठी आहे. मूळ नाटकात रेवती नायकिणीच्या घरातली मुलगी आहे. अशा घरातल्या मुलीने एकनिष्ठ राहायचं ठरवलं तर जग ते मानेल का, हा प्रश्न अश्विनशेठच्या संशयाच्या तळाशी आहे, म्हणून त्याचा संशय फाल्गुनरावापेक्षा जास्त क्रूर आहे. या प्रयोगात रेवती रील्स करणारी मुलगी आहे. मंडळाला वाटलं असावं की आजच्या जगात हीच तुलना बसते. मला ती बसत नाही असं वाटतं. रील्स करणाऱ्या मुलीला नावं ठेवली जातात, पण तिच्यासाठी लग्नाची दारं बंद नसतात. संगीत बारीत लावणी करणाऱ्या कलावंत मुलीसाठी ती आजही सहज उघडत नाहीत. तशी रेवती आजही दाखवता आली असती. आणि अश्विनशेठ रागाच्या भरात “असल्या मुली सगळ्यांच्याच असतात” असं म्हणतो तेव्हा मागच्या रांगांतून टाळ्या आल्या. ती दाद पात्राच्या मूर्खपणाला नव्हती, वाक्याला होती. नटाने क्षणभर थांबून ती टाळी घेतलीसुद्धा. तुम्ही तरुण प्रेक्षकांच्या अभिरुचीबद्दल लिहिलंत ना, त्या टाळीबद्दल लिहिलं असतंत तर मी मुकाट्याने मान डोलावली असती. या जागी प्रेक्षकांना सैल सोडणं ही दिग्दर्शनातली चूक आहे.

बाकी शिट्ट्या, मध्येच ओरडून दाद देणं, याचा मला फारसा राग नाही. बालगंधर्वांच्या काळात वन्स मोअर मिळत मिळत प्रयोग पहाटेपर्यंत चालायचे, पात्र मरायला टेकलेलं असलं तरी पद परत म्हणायला लागायचं. मराठी प्रेक्षक नाटकाला कधीच हाताची घडी घालून बसलेला नाही.

काका, तुम्ही गायक नट छोटा गंधर्वांचा अश्विनशेठ प्रत्यक्ष पाहिलाय. माझ्या पिढीला ती संधी नाही, आम्ही फक्त ध्वनिमुद्रिका ऐकतो, आणि त्यात प्रेक्षागृह ऐकू येत नाही. म्हणून एक विचारते. तुम्ही पाहिलेल्या प्रयोगात फाल्गुनराव कृत्तिकेच्या हातातली तसबीर ओढून घ्यायचा, त्यानंतर नट लगेच पुढचं वाक्य घ्यायचा की थांबायचा? थांबत असेल तर लोक काय करायचे? आणि तेव्हा बायकांसाठी बसायची जागा वेगळी होती का, तिकडून काय ऐकू यायचं? आठवेल तेवढं लिहा, कितीही मोठं झालं तरी चालेल. तुमची परवानगी असेल तर मी ते इथे स्वतंत्र लेख म्हणून टाकेन.