पुळण घरी येते

आमच्या दापोली-गुहागरकडच्या माणसाला समुद्रावर जायचा कंटाळा आहे म्हटलं की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचा विश्वासच बसत नाही. गैरसमज नको. समुद्राशी माझं काही वाकडं नाही. माडांपलीकडून गाज ऐकू येते तेवढी मला पुरते, आणि बांगडा त्यातूनच येतो, याची जाणीव आहे. वाकडं आहे ते पुळणीशी, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूशी. समुद्र जागेवर राहतो, पुळण घरी येते.

पाहुणे समुद्रावरून येतात ते थेट न्हाणीघरात. वाळू पाण्याबरोबर जाईल ही त्यांची समजूत. ती जाते मोरीच्या पाइपाच्या वळणापर्यंत, आणि तिथे मुक्काम करते. ओली वाळू झटकू नये, पाण्याच्या पातळ थरामुळे ती कातडीला धरून असते. दहा मिनिटं वाऱ्यावर उभं राहावं, सुकली की पंचाने झटकावी. घाई असेल तर टाल्कम पावडर चोळावी, ती ओल शोषते आणि वाळू सुटते. मग माडाच्या आळ्यात उभं राहून दोन बादल्या अंगावर घ्याव्यात. माडाला खारं चालतं. हे सगळं सांगून होईपर्यंत पाहुणे दिवाणावर बसलेले असतात.

कपड्यांचं आणखी वेगळं. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं आणि जीन्स लिटरभर पाणी सहज पिते. दोरीवर टाकली की पाणी उडतं, दोन मोठे चमचे मीठ पँटीतच राहतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की हेच मीठ ओल ओढून घेतं. म्हणजे दुपारी वाळलेली पँट रात्री पुन्हा ओली! आधी गोड्या पाण्यातून दोनदा पिळावी, मगच साबण लावावा. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. मे महिन्यात विहीर तळाला असताना हे कुणाला सांगावं?

मे-जूनमध्येच लाटांबरोबर डांबराच्या गोळ्या येतात. त्या पायाला चिकटतात आणि पाय फरशीवर येतात. साबणाने ढिम्म हलत नाहीत. खोबरेल चोळायचं, पाच मिनिटं थांबायचं, रद्दीने पुसायचं, मग साबण. रॉकेलच्या वाटेला जाऊ नये, कातडीची आग होते.

पण खरी करमणूक गाडीची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पाहुण्यांना तिथी माहीत नसते, गाडी पुळणीवर नेऊन फोटो काढायचा एवढंच माहीत असतं. सुरुवातीच्या तासात पाणी एकूण चढाच्या जेमतेम बारावा हिस्सा चढतं, म्हणून सगळे निर्धास्त. तिसऱ्या आणि चौथ्या तासात ते प्रत्येकी पावपट चढतं.

रुतल्यावर प्रत्येक जण अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. चाक जागच्या जागी फिरतं, खालची वाळू उपसतं आणि गाडी पोटावर बसते. आधी पाय काढावा. चाकांतली हवा 32 वरून 18 पीएसआयपर्यंत उतरवावी, म्हणजे टायर पसरतो आणि वजन वाटलं जातं. चाकांमागची वाळू फावड्याने ओढून माडाच्या झावळ्या घालाव्यात, स्टिअरिंग सरळ ठेवून आल्या चाकोरीनेच हळू मागे यावं. एवढं ऐकून घ्यायला कुणी तयार नसतं, कारण तोवर अर्धा गाव जमलेला असतो आणि प्रत्येकाचा सल्ला वेगळा.

शेवटी ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरवाल्याचा दरही भरतीबरोबर चढतो, आणि तोही तिसऱ्या-चौथ्या तासातच सगळ्यांत जलद.

सुटलेली गाडी आमच्या अंगणात येते, कारण ब्रेक आणि पोट लगेच गोड्या पाण्याने धुतलं नाही तर गंज धरतो. ते चालू असताना पाहुणे विचारतात, "काका, उद्या सूर्यास्ताला येताय ना?"

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणतो, "मी बंब पेटवून ठेवतो."